बर्फातली रिले आणि गौरींचे मुखवटे

सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे जर्मनीत, गेर्लिंगेनला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत गौरींचे दोन पितळी मुखवटे होते. जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेले. माझ्यासाठीच आणलेत असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात हरखले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी तो आनंद पार मोडीत काढला.

"बंद घरात ठेवायला जीव होईना म्हणून आणलेत. परत गेलो की कृष्णेत सोडणार."

आमच्याकडे गौरी सासूनं स्वतःच्या हातानं सुनेच्या ओटीत घालायच्या. सासूबाईंचं आज देऊ, उद्या देऊ करता करता एकदम दवाखानाच आला. असा मध्येच खंड पडला तर मुखवटे नदीत सोडायचे, हे सासऱ्यांच्या आईनं सांगून ठेवलेलं. मी भांडले, नवऱ्याला मध्ये घातलं, उपयोग शून्य. सासरे आवाज चढवत नाहीत. नुसतं "बरं" म्हणतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाहीत. लग्नानंतर दर भाद्रपदात रजा काढून मी सांगलीला जायचे, त्या दोघींना साड्या नेसवायचे. त्या पाण्यात गेल्या तर त्या घरात माझं काय उरणार होतं? मला राग यायचा आणि रडूही यायचं.

जानेवारीत नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं बायथलॉनची तिकिटं दिली, म्हणून आम्ही तिघं बव्हेरियाच्या डोंगरात गेलो. पायाला स्की, पाठीवर रायफल, धापा टाकत यायचं आणि श्वास आवरून पाच नेम धरायचे. फार चुकलं की शिक्षेची जादा फेरी. त्या दिवशी बायका-पुरुषांची मिश्र रिले होती. देशोदेशीचे झेंडे, हजारो माणसं, प्रत्येक लागलेल्या नेमाला एकच आरोळी. सासरे कानटोपीवर मफलर बांधून कीर्तनाला बसावं तसे गंभीरपणे बघत होते. थर्मासमधला चहा तेवढा पीत होते.

सगळ्यात मागच्या संघातली मुलगी उभ्यानं नेम धरताना चुकतच गेली. जादा फेऱ्या मारून ती परतली तेव्हा तिच्या पायात त्राण नव्हतं. पुढचा गडी मान वळवून तिची वाट बघत हळूहळू सरकत होता. तिनं कसाबसा त्याच्या पाठीला हात लावला आणि तिथंच बर्फात कोसळली. तो सुसाट निघाला.

"हातात काही दिलं नाही तिनं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा, नुसता हात लावायचा. तेवढं पुरतं," नवरा म्हणाला.

"आणि लावायच्या आधीच पडली असती तर? संपलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. सगळा संघ बाद."

घ्या! सख्ख्या नवऱ्यानंच माझ्या पायावर धोंडा टाकला. सासऱ्यांनी सावकाश मान हलवली. आता काही झालं तरी गौरी नदीतच जाणार, हे मला दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"अहो बाबा, आईंनी माझा हात धरला होता. शेवटच्या दुपारी. नळी घातलेली, बोलता येत नव्हतं त्यांना."

"पाहिलंय मी. फार दुखत होतं तिला."

"दुखत होतं तर तुमचा धरला असता. तुम्ही उशाशी होतात. मी पायाशी उभी होते, मला खुणेनं जवळ बोलावलं त्यांनी."

सासरे माझ्याकडे वळले. समोर कुणाचा तरी नेम लागला आणि माणसं ओरडली.

"मग तिनं सोडला कधी?"

"नाही सोडला. डॉक्टर आले म्हणून मीच सोडवून घेतला."

सासऱ्यांनी चष्मा काढला. स्मशानात डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस त्या गर्दीत हुंदके देऊन रडला. नवऱ्यानं त्यांचा खांदा धरला. मला हातमोज्यानं नाक पुसायचंही भान नव्हतं. शर्यत कोण जिंकलं ते आम्हाला कळलंच नाही.

गाडीकडे चालताना ते माझ्यासाठी थांबले.

"मी काही देणार नाही. पुरुषानं द्यायच्या नसतात," ते म्हणाले. "घरी गेल्यावर बॅगेतून तुझ्या तू उचल. तिनं दिल्यात."