हात मांडीवर

नाहीकाकूंच्या तोंडून पहिल्या खेपेला 'हो' निघालेलं मी वर्षानुवर्षं ऐकलं नाही. चहा घेणार का? नाही. पंखा लावू का? नाही. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला येणार ना? नाही. मग थोडा वेळ जायचा, त्या विचारणाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायच्या, आणि मगच म्हणायच्या, "अच्छा, चलो, अर्धा कप दे." त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, चेरीतालच्या मराठी घरांत, त्यांना नाहीकाकू म्हणत आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. "म्हणू दे," त्या म्हणायच्या, "माझ्या घरात तरी कोणी विचारल्याबिना नाही शिरत."

नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथलीच विद्यार्थिनी. ओळीनं मांडलेली काळी मशीन, प्रत्येकावर रेक्झिनची खोळ, आणि खिडकीपाशी फूटपट्टी घेऊन उभ्या काकू. खोळ काढून बसलं की पहिला हुकूम सुटायचा, "हात मांडीवर!" समोरचा उतारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय बोटं वर आणायची नाहीत. मी जात्याच उतावळी, त्यामुळे फूटपट्टीचा सगळ्यात जास्त प्रसाद मलाच मिळाला. "वाचलं का?" त्या विचारायच्या. "वाचलं नाही तर बोट काहून हललं? बोट तुझं होय की दुसऱ्या कोणाचं?" तेव्हा मला हा प्रश्न निव्वळ छळाचा वाटायचा.

पुढे कंप्यूटर आले, टायपिंगची मशीन भंगारात गेली आणि क्लास बंद झाला. काकूंनी एक कंप्यूटर घरी नेला आणि त्याच्या पडद्यावर जुनीच खोळ घालायला लागल्या. तोवर मी क्लासच्याच रस्त्यावर लग्नपत्रिका छापायचं दुकान काढलं होतं. पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन मी त्यांच्याकडे शुद्धलेखन तपासायला जायचे, आणि त्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता माझ्या बुद्धीचाही उद्धार करायच्या.

आमच्या इथल्या मराठी लोकांचे दोन हट्ट काकूंना पक्के माहीत होते. पोरं आपसात हिंदी बोलतात, मराठी स्वयंपाकघरापुरती उरली आहे, पण मुंजीची पत्रिका मात्र मराठीतच हवी. मग घरातलं कोणीतरी नेटवर 'मराठी टायपिंग फुकट' शोधायला बसतं आणि पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबतं. खरं बटण असतं कोपऱ्यात, बारकं. हिरव्या बटणातून अक्षरं येतात की नाही देव जाणे, पण त्यांच्यासोबत बाकीची वरात नक्की येते. दुसरा हट्ट शिष्टाचाराचा. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की पडद्यानं अदबीनं विचारलं, 'आम्ही तुम्हाला बातम्या दाखवू का?' की आमची माणसं लगेच 'अलाउ' दाबतात. त्यानंतर आजोबा विष्णुसहस्रनाम लावून बसले की कोपऱ्यातून लॉटरी, वजन घटवायचं तेल आणि अर्ध्या कपड्यांतल्या बाया वर येत राहतात. "माणसाला नाही म्हणायची लाज वाटते, समजू शकते मी," काकू म्हणायच्या. "मशीनला काहून लाजता?"

असं झालं की काकूंना बोलावणं जायचं. त्या यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या, हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "कोणीतरी आहे आत." हे त्या असं म्हणायच्या की घरातल्या बायका नकळत मागच्या खोलीकडे बघायच्या. मीसुद्धा पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

मग त्या आधी नेटची वायर काढायच्या. "पहिले त्याचा बाहेरचा रस्ता बंद." नंतर मशीनमधल्या प्रोग्रॅमची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावायच्या आणि एकेकावर बोट ठेवून विचारायच्या, "हा कोण होय? याला कोणी बोलावलं?" फुकटच्या अक्षरांबरोबर त्याच दिवशी आलेली सगळी मंडळी तिथं रांगेत सापडायची. ती काढली की ब्राउझरला चिकटलेली जोडकामं, म्हणजे एक्स्टेन्शन, मग बदललेलं पहिलं पान, मग आपण कोणाकोणाला 'अलाउ' म्हणून बसलो आहोत त्याचा हिशेब. शेवटी पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्रावर उजवं बटण दाबून त्यामागचा पत्ता शेवटपर्यंत वाचायच्या, कारण त्याच्या टोकाला परक्या पानाचं नाव जोडलेलं असायचं. "शेपटी बघ," मला सांगायच्या. "तोंडाकडून भला दिसतो, शेपटीत लपतो." सगळं झालं की मशीन बंद करून पुन्हा चालू करायच्या आणि परत हात मांडीवर ठेवून बसायच्या. घरातले म्हणायचे, झालं ना काकू? त्या म्हणायच्या, "नाही. तो परत येतो का, बघू दे."

कधीकधी तो यायचा. मंडळाच्या सेक्रेटरींचं मशीन काकूंनी स्वच्छ केलं आणि दुसऱ्या दिवशी तेच परकं शोधपान पुन्हा हजर. सेक्रेटरी हादरले, त्यांच्या सौभाग्यवतींनी तर मशीनला अंगारा लावला. काकूंनी शोधून काढलं की त्यांच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर यांचंच खातं उघडं होतं, आणि तिथली घाण खात्यामार्गे इथं उतरत होती. "तुम्ही पुढून हाकलून राहिले, तो मागून येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "त्याची जागा तुम्हीच राखून ठेवली, जी. एकदा हो म्हटलं ना, ते हो मशीन विसरत नाही. आपण विसरतो." सेक्रेटरी हसले, मीही हसले. काकू हसल्या नाहीत.

एका उन्हाळ्यात मी एक पत्रिका घेऊन दुपारी त्यांच्याकडे गेले. एरवी जाळीच्या दाराला आतून कडी असायची आणि ती निघेपर्यंत आपली पूर्ण चौकशी व्हायची. त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. कूलर घरघरत होता, पडदे ओढलेले, आणि खोळ जमिनीवर पडलेली. कंप्यूटरवर एक अनोळखी शोधपान उघडं होतं, वर भलतंच नाव, खाली जाहिरातींची रांग. मला वाटलं, कोणाचा रोग अभ्यासाला आणून ठेवला असेल.

"काकू, हे काय ठेवलंय?"

"काय?"

"हे पान. हे तुमचं नाही."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेच तर आहे. रोजचं."

मी खुर्ची ओढली, वायर काढली, यादी उघडली. आत इतकं काही साचलं होतं की त्यांनी कित्येक दिवस वाचल्याशिवाय बोट हलवलं असणार हे उघड होतं. मी एकेक काढत गेले. त्या शेजारी बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चांगलं करून राहिली तू. कोणी शिकवलं?" क्षणभरानं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "संजूला नको सांगू."

संजूदादा म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याला कळलं तर तो घर बंद करून आईला घेऊन जाणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. "तो वाईट नाही गं," काकू म्हणाल्या. "सूनही वाईट नाही. पण तिथं दार वाजलं तर उघडायचं की नाही, ते दुसरे ठरवतील. इथं मी ठरवते." मी शब्द दिला. त्या वेळी तो खरोखर पाळायचाच होता मला.

त्यानंतर मी काहीतरी निमित्त काढून जायला लागले. दर वेळी आत कोणीतरी नवीन असायचं, आणि मी लहान मुलाचा ताप बघावा तसं ते मशीन बघायचे. काकू बोलण्यात पुष्कळ सावरून घ्यायच्या. नाव आठवलं नाही की "अगं ती, ती आपली" म्हणून वेळ मारून न्यायच्या, तारीख विचारली की मलाच दटावायच्या. मशीनला असं सावरून घेणं जमत नव्हतं. आणि एके दिवशी मी स्वयंपाकघरातून सहज विचारलं, "काकू, चहा टाकू का?" आतून लगेच उत्तर आलं, "हो."

मी हातात भांडं धरून उभीच राहिले. उभ्या जन्मात कोणाच्या 'हो'ची मला एवढी भीती वाटली नव्हती.

पुढच्या वेळी गेले तेव्हा फाटकापासूनच त्यांचा आवाज ऐकू आला. "हो. हो. हो, जी." कोणीतरी पाहुणे आलेत असं वाटलं. आत पडदा लालभडक झालेला, तुमच्या कंप्यूटरमध्ये धोका आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा, असं मोठ्या अक्षरांत. टेबलावर मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवलेला. समोर काकू ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर. आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलत होता.

तो सावकाश, अगदी घरच्यासारखा फिरत होता. त्यानं संजूदादाच्या लग्नाचे फोटो उघडले, बंद केले. गॅसचं कार्ड उघडलं, बंद केलं. मग बँकेचं पान उघडलं आणि तिथं थांबला. फोनमधून एक तरुण, गोड आवाज म्हणाला, "मैडम, आप कुछ मत छूना। बस आराम से बैठे रहिए। अब जो नंबर आएगा, वो मुझे बता दीजिए।"

"हो," काकू म्हणाल्या.

मी धावत जाऊन नेटची वायर उपटली. बाण जागच्या जागी थांबला. फोनमधला आवाज मात्र चालूच होता. "मैडम? मैडम, कौन है वहाँ? किसी को अंदर मत आने दीजिए।" मी फोन कापला आणि पहिल्यांदा बँकेला कळवून खातं बंद करवलं. वेळेत झालं ते. काकू मात्र रागानं उठून उभ्या राहिल्या होत्या.

"विचारल्याबिना हात लावला तू! भला माणूस होता. साफ करून देऊन राहिला होता. हात नका लावू म्हणाला, मी मांडीवर ठेवले. वाचून राहिली होती मी. सगळं वाचून राहिली होती!"

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काय झालं, बेटा? कोणाची होय तू?"

त्याच संध्याकाळी मी संजूदादाला फोन केला. दिलेला शब्द मोडला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडेन. तो लगेच आला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, विसरण्याच्या त्या आजाराचं नाव आम्हाला समजलं. काकूंनी भांडण केलं नाही. त्यांना विचारलं, पुण्याला यायचं ना आई? त्या हो म्हणाल्या. हे सांगताना संजूदादाला बरं वाटत होतं, मला त्याच्याकडे बघवेना.

निघायच्या दिवशी मी प्रवासासाठी दशम्या करून नेल्या. संजूदादा गाडी बघायला कोपऱ्यावर गेला होता. जाळीच्या दाराला आतून कडी होती. मी वाजवलं. काकू आल्या, इस्त्रीची साडी, हातात पर्स, अगदी क्लासला निघाल्यासारख्या.

"कोण पाहिजे?"

"काकू, मी वर्षा."

"कोण वर्षा?"

"पत्रिकांची. तुमच्या क्लासमधली."

जाळीपलीकडून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. घाई नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावं तसं पाहिलं.

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं का?"

मला त्यांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही, काकू."

"मग नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात मला बरंही वाटलं. दशम्यांचा डबा हातात धरून मी पायरीवर उभी होते. त्यांनी आतलं लाकडी दार लावलं, कडी घातल्याचा आवाज आला. मग ती नीट लागली का हे बघायला त्यांनी आतून दार एकदा हलवून पाहिलं.