लग्नाच्या फीवर चालणारं घर

मित्राच्या लग्नाचं लायसन्स काढायला मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. न्यू जर्सीत लग्न करायचं तर आधी टाउनच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागतो, आणि सोबत एक साक्षीदार न्यावा लागतो. साक्षीला मी, म्हणजे कमालच. आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी दोन वर्ग वेळेआधी घरी सोडले होते.

खिडकीतल्या बाईंनी फी घेतली. मित्राच्या होणाऱ्या बायकोनं सहज विचारलं, हे पैसे जातात कुठं? बाई म्हणाल्या, थोडे ऑफिसला, बाकीचे राज्याच्या एका फंडात. घरात मारहाण होते अशा बायकांना राहायला जागा देतात, त्यासाठी. कायदाच आहे तसा.

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "यार, अक्षता पडायच्या आधीच सरकारनं तुझ्यावर डाउट घेतलाय!"

"माझं ॲडव्हान्स बुकिंग झालं म्हणायचं," ती म्हणाली. आम्ही पार्किंगपर्यंत हसत होतो.

त्या शनिवारी काकांकडे जेवायला पंधरावीस माणसं होती. आयसेलिनमध्ये मी काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. काका रिटायर्ड इंजिनिअर, फार आधी आलेले. नवीन आलेल्या कुणालाही एअरपोर्टवरून आणायला हेच जायचे. मलाही त्यांनीच आणलं होतं, थर्मासमध्ये चहा घेऊन.

मी खिडकीतल्या बाई नाकात बोलून दाखवल्या, फीची गोष्ट सांगितली. लोक हसले. मग फर्माईश आली, काकांचं कर!

"वरणात मीठ घातलंयस की मिठात वरण? अगं, कळतं का तुला काही?" मी काकांच्या आवाजात. लगेच मान खाली घालून काकूंच्या आवाजात, "चुकलं हो, चुकलं माझं."

"सेम टू सेम!" काका स्वतःच टाळ्या वाजवत होते. काकूही हसल्या.

हा आयटम इतका हुबेहूब का जमायचा, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. किचनमधला हीटिंगचा पाइप थेट माझ्या पलंगावर येतो. वरचा शब्द न् शब्द खाली. मिठावरची बोलणी मी उचलली. त्यानंतर जे ऐकू यायचं ते आयटममध्ये घेतलं नाही. धप्पकन आवाज, एखादी खुर्ची सरकल्याचा, आणि मग टीव्ही एकदम मोठा. मी कानात इअरफोन घालायचो. आपण भाडेकरू, आपल्याला काय करायचंय, असं म्हणत.

सोमवारी मी घरूनच काम करत होतो. काका फिरायला गेले होते. काकू कपडे घेऊन खाली आल्या, वॉशिंग मशीन खालीच आहे.

"ती बाई म्हणाली ते खरं, की तुझं काहीतरी पदरचं?"

"कोणती बाई?"

"अरे, फीवाली. बायकांना जागा देतात म्हणालास ना?"

"खरंय काकू."

त्यांनी एक टॉवेल घडी केला, उलगडला, परत घडी केला. "म्हातारीला घेतात का रे? की पोरीबाळींनाच?"

मी लॅपटॉपवर हेल्पलाइनचा नंबर शोधला.

"तूच बोल," काकू म्हणाल्या. "फोनवर माझं इंग्लिश अडतं."

मला हायसं वाटलं. हे तर आपलं काम. स्पीकर ऑन केला आणि काकूंचा आवाज लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, आत्ता बोलणं सेफ आहे ना? मी काकू होऊन म्हटलं, यस. वय? तेही सांगितलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, त्यांनी तुम्हाला कधी इजा केली आहे का?

मी तोंड उघडलं. आवाज तयार होता, पण आत शब्दच नव्हते. काकूंचं माझ्याकडे एकच वाक्य होतं, ‘चुकलं माझं’, आणि तेच जिभेवर आलं.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मराठी लेडी, प्लीज," त्या म्हणाल्या. पलीकडून होल्ड करायला सांगितलं, म्युझिक लागलं.

"तू वर जा. दूध ठेवलंय, उतू जाईल."

मी वर गेलो, गॅस बंद केला. पाइपातून खालचं वर येतं का ते मला माहीत नव्हतं. मी एक्झॉस्ट फॅन फुल लावला आणि पंचवीस मिनिटं त्याच्याखाली उभा राहिलो.

गुरुवारी काका एका मित्रासोबत डोळे तपासायला गेले. हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलेल्या एका पार्किंग लॉटमध्ये मी काकूंना सोडलं. एक बाई गाडी घेऊन आधीच थांबल्या होत्या. काकूंकडे एक बॅग आणि गोळ्यांचा डबा.

उतरताना म्हणाल्या, "आता माझी नक्कल नको करूस हं."

"नाही करणार."

"त्यांची कर हवी तर." आणि गेल्या.

दुपारी काका खाली आले. डॉक्टरनं दिलेला काळा प्लास्टिकचा चष्मा डोळ्यावर तसाच होता. "काकू कुठंय रे? फोन पण घरीच ठेवलाय."

"माहीत नाही, काका."

"माहीत नाही म्हणजे?"

हा आवाज मी पाइपातून शंभरदा ऐकला होता. समोरून पहिल्यांदाच.

"मला माहीत नाही," मी परत म्हटलं. ते खरंच होतं. त्या घराचा पत्ता सोडायला येणाऱ्याला सांगत नाहीत.