ताईची फियाट हातगडचा घाट चढते

"गाडी ठेवून काय करणार? चालवायला घरात माणूस कुठंय?" ताईचे दीर असं म्हणाले आणि ताईनं तिथंच ठरवलं: सापुताऱ्याला जायचं, गाडी घेऊन. भावोजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. फियाट त्यांची, पण ताईला ती त्यांनीच शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. ही ऐंशीच्या दशकातली, मी बी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट.

दीर सोमवारी गाडीसाठी गिऱ्हाईक आणणार होते. आम्ही दोघी रविवारी सकाळीच नाशिक सोडलं. पेट्रोल पंचवटीतच भरलं, कारण तेव्हा वणीच्या पुढे पंपाचा भरवसा नसे. दिंडोरीकडे द्राक्षबागा, वणीत चहा, मग सप्तशृंगीचा डोंगर उजवीकडे मागे पडला आणि सागाचं जंगल सुरू झालं. पाऊस नुकताच सरला होता. सुपाएवढी हिरवी पानं रस्त्यावर झुकलेली.

बोरगावला एका झोपडीवजा हॉटेलात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. वाढणाऱ्या मावशीनं गाडीत डोकावून पाहिलं.

"गडी कुठं ऱ्हायला?"

"गडी वारला, मावशी. गाडी राहिली."

मावशी ताईच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून म्हणाली, "मंग पोटभर खा. म्होरं घाट हाय."

घाटात रस्ता अरुंद, एका बाजूला कातळ, दुसरीकडे दरी. एका वळणावर समोरून रिकामा ट्रक उतरत आला आणि नाकासमोर थांबला.

"ओ बाई, मागं घ्या! जमत नसंल तर मी घेऊन देतो," ड्रायव्हर हसत ओरडला.

"चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते," ताई म्हणाली. "तुमच्या मागं जागा आहे. माझ्या मागं दरी आहे."

तो हॉर्न वाजवत राहिला. मी कुजबुजले, "ताई, घेऊ या ना मागं."

"गप बस." तिनं हँडब्रेक ओढला आणि इंजिनच बंद करून टाकलं.

शेवटी ट्रक मागं सरकला. ताईनं इंजिन सुरू केलं; गाडी जराशी मागं घसरली, मी डोळे मिटले, आणि फियाट गुरगुरत वर चढली. ट्रकशेजारून जाताना ताईनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

माथ्यावर मात्र तिनं गाडी कडेला घेतली. खाली डांगचं जंगल, डोंगरामागे डोंगर. ताईनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

सोमवारी दीर गिऱ्हाईक घेऊन आले. ताई दारातच म्हणाली, "गाडी विकायची नाही."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणतील, बाई गाडी चालवते. चालवतेच."

आता तो रस्ता रुंद झालाय. जरूर जा, घाट दिवसाउजेडी चढा. सापुताऱ्याचा तलाव मला धड आठवत नाही. आठवतं ते बंद इंजिन आणि ताईची ताठ मान. दीर बरेच दिवस बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ताईनं मला स्टिअरिंगवर बसवलं.