हात धर माझे

बिलोलीजवळ मांजरेत कुणी बुडालं, की बोलावणं पंढरीला यायचं. वाळू उपसून उपसून नदीत डोह पडलेले, पाणी कायम गढूळ. पंढरी श्वास कोंडून उतरायचा, तळ हातांनी चाचपायचा, बुडालेल्याचं प्रेत वर आणून घरच्यांच्या हवाली करायचा आणि पाठ फिरवायचा. मिसरूड फुटल्यापासून साठी आली तरी हेच.

त्याची लेक रेणुका लातूरला दवाखान्यात नर्स. तिनं हट्टानं त्याला अंदमानला आणलं. "जन्मभर पाण्यात उतरलात आबा, एकदा मौजेसाठी उतरा," म्हणाली. पण स्वराजद्वीपावर पाय ठेवल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मोबाइलला धड रेंज मिळेना. खोलीत बसवेना, किनाऱ्यावर फिरवेना. "गावाकडं कुणी मला हुडकत आसंल तर?" एवढाच घोर.

सकाळी ती त्याला स्नॉर्केलिंगला घेऊन गेली. तिथल्या माणसानं डोळ्यांवर काचेचा मास्क चढवला, तोंडात नळी दिली. पंढरीनं पाण्यात तोंड घातलं आणि तळ लख्ख दिसला, वाळूवर पडलेल्या आपल्या सावलीसकट. निळे-पिवळे मासे अंगाजवळून गेले. त्याचे हात मात्र आपोआप चाचपायला लागले. कपारीतून पांढऱ्या प्रवाळाच्या फांद्या बोटांसारख्या वर आल्या होत्या. त्या दिसताच तो धडपडत उभा राहिला. मास्क ओढून काढला.

"काय झालं, आबा?"

"खाली समदं दिसायलंय."

"बघायलाच तर आलोय."

"नदीत मी डोळे मिटून जातो, रेणू. कुणाचं तोंड बघावं लागू नये म्हणून." तो गुडघाभर पाण्यात तसाच बसला. "शेजारच्या वीरण्णाचा संगमेश्वर... हाताला लागल्याबरोबर वळखलो मी त्याला. मनगटातल्या कड्यावरून. खांद्यावर खेळवलेलं लेकरू."

रेणुकाला संगमेश्वरला काढलं तो दिवस आठवला. त्या दिवशी आबा घरी येऊन मुकाट जेवले होते आणि शेतात गेले होते. बापाचं काळीज दगडाचं आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"चला, जाऊ खोलीवर," ती म्हणाली.

तो उठला, चार पावलं गेला, परत आला, पुन्हा निघाला. मग थांबून त्यानं स्वतःच मास्क मागितला.

"हात धर माझे. दोन्ही."

तिनं घट्ट धरले. खाली एक हिरवा मासा खडक कुरतडत होता, त्याची करकर पाण्यातून ऐकू येत होती. पंढरी बघत राहिला. मधूनच हात ओढायचा, पण तिनं सोडले नाहीत.

"लई मासे हायत," बाहेर आल्यावर तो एवढंच बोलला आणि मोबाइल घेऊन रेंज शोधायला चढणीकडं निघाला.

गावी परतल्यावर पावसाळ्यात पोलीस ठाण्यातून कुणी बुडाल्याचा निरोप आला. पंढरी गेला, पण काठावर सदरा काढून नुसताच उभा राहिला.

"आता एकट्यानं न्हाई उतरायचो," तो हवालदाराला म्हणाला. "कुणीतरी संगं पायजे."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. आजवर तो एकटाच उतरतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जरा वेळानं दोघं पोहणारे गर्दीतून पुढं झाले, तेव्हाच तो पाण्यात शिरला.