वानखेडे काकांची अम्बॅसॅडर

वानखेडे काका गाडीखालून बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "स्टिअरिंग ओके आहे. मी दर महिन्याले पाहतो. तू फक्त पोरीले फोनवर सांगून दे."

समता कॉलोनीतली रविवारची सकाळ. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी फोरमन असलेल्या सरकारी गॅरेजात साहेबांच्या गाड्यांची रीघ लागलेली. रविवारी तरी अंग टाकावं म्हटलं, तर काकांचा निरोप. काका रेल्वेतून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून घरात एकटेच. नातीचं लग्न नागपूरला होतं, आणि तिची पाठवणी आपल्याच जुन्या अम्बॅसॅडरमधून व्हावी, ही काकूंची इच्छा. काकांना गाडी स्वतः चालवत न्यायची होती. मुलीने अट घातली होती, मेकॅनिक हो म्हणाला तरच. नाहीतर गुपचूप ट्रेनने यायचं.

काकांची तपासायची पद्धत अशी की, जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलायची आणि हाताने हलवून बघायची. मीही हलवली. काही लागलं नाही.

"काहून, पटलं नाही का अजून?"

"काका, गाडी खाली घेतो. तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

जरा समजावून सांगतो. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाला वाटीत बसलेली एक गोळी असते. तो टाय रॉड एंड. वाटी झिजली की गोळी आत खेळते, आणि फारच झिजली तर एखाद्या खड्ड्यात निसटते. मग स्टिअरिंग तुमच्या हातात आणि चाक त्याच्या मर्जीने. चाकं हवेत असली की त्यांना अडवणारं काही नसतं, म्हणून हा खेळ हाताला सहसा लागत नाही. चाकं जमिनीवर हवीत. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने खाली झोपून जॉइंटवर हात ठेवायचा.

काका बसेचनात. "मी खाली असतो. वर तुझी काकू बसायची."

शेवटी बसले. मी खाली गेलो. "हं, डावीकडे. आता उजवीकडे." उजव्या जॉइंटने माझ्या तळहाताला ठोका दिला. पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा ठोका.

"गेला हा, काका. नागपूर सोडा, इथल्या टाटीबंध नाक्यापर्यंतही नेऊ नका."

बाहेर येऊन पाहतो तर काका स्टिअरिंग धरून बसलेले, डोळे भरलेले.

"ती विचारायची, अजून फिरवू का जी? मी खालून म्हणायचो, चूप बस, सांगीन तेव्हा फिरव." मग डोळे पुसत म्हणाले, "ती गेल्यापासून जॅकवरच पाहून राहिलो. दुसरं कोण आहे घरी?"

मला गलबलून आलं आणि रागही आला. एवढी भरलेली कॉलोनी, आणि मिनिटभर स्टिअरिंग फिरवायला या माणसाने कोणाला बोलावलं नाही. याच गाडीत नवरी बसवून निघाले असते.

दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलले, अलाइनमेंट केलं. मुलीला फोन लावला. ती हिंदीतच बोलली, "भैया, पक्का ना?" म्हटलं, "पक्का." नातीची पाठवणी त्याच गाडीतून झाली आणि काका सुखरूप परत आले.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन. "स्टिअरिंग चेक करायचं आहे."

"काका, नवे जॉइंट आहेत. इतक्यात पाहायची गरज नाही."

"हव, मले मालूम आहे," ते म्हणाले. "तू ये."

गेलो. मग जातच राहिलो. माझी पोरं पुण्याला, बायको नातवाकडे. रविवारी मलाही घर खायला उठायचं, पण ते कोणाला सांगणार?

तर, जुन्या गाडीचं स्टिअरिंग एकट्याने तपासू नका. दुसरं माणूस घरात नसेल तर कोणाला तरी हाक मारा. काकांनी मारली म्हणून बरं, मी काही मारली नसती.