एकेचाळीस नंबरचा पंखा

खोलीत बोलण्याला बंदी नव्हती. बंदी होती ती मोजणाऱ्या बाईशी बोलण्याला. नव्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागे, आणि तो समजेपर्यंत कोणाची ना कोणाची मोजणी चुकलेली असे. तळमजल्यावरची ती एक लांबट खोली होती. खिडकीकडेला चार टेबले आणि प्रत्येक टेबलावर हाताने फिरवायचे एक यंत्र. जळालेल्या पंख्यांच्या मोटरींत तांब्याची तार नव्याने भरणे, म्हणजे वाइंडिंग, हा इथला व्यवसाय. केसासारखी बारीक तार लाकडी फर्म्याभोवती तीनशे ऐंशी वेढे घेते तेव्हा एक कॉइल होते. अशा चोवीस कॉइली लोखंडी चकतीच्या खाचांत बसवून, बांधून, वॉर्निश देऊन भट्टीत वाळवल्या की पंखा पुन्हा फिरण्याजोगा होतो. वेढे मोजणारा काटा अशा यंत्रांना असतोच. इथले चारही काटे मालकिणीने काढून एका खोक्यात ठेवले होते. मोजायचे ते तोंडाने.

मालकिणीला सगळ्या 'बाई' म्हणत. वय साठीच्या अलीकडचे, बोलणे मोजके, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. तिच्या चौतिसाव्या वर्षी नवरा घर सोडून निघून गेला. तो वारला असता तर शेजाऱ्यांना काय बोलावे हे ठाऊक असते. निघून गेलेल्या माणसाच्या बायकोला काय म्हणायचे ते ठरलेले नसल्यामुळे ती समोरून आली की लोक आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागत. ती भावाकडे राहायला गेली आणि तिथल्या मधल्या खोलीत सात महिने बसून राहिली. वहिनी वाईट नव्हती. दार लावताना जरा जास्त आवाज करी, इतकेच. आई रोज जावयाचा विषय काढी आणि मग, मी मेली कशाला त्याचे नाव काढू, असे म्हणून आणखी अर्धा तास त्याच्याविषयीच बोले. या सात महिन्यांबद्दल बाई पुढे एकच वाक्य सांगत असे: डोके दिवसभर फिरायचे आणि जागचे हलायचे नाही.

अशात भावाच्या घरचा पंखा बंद पडला. तू तशी बसूनच असतेस, तेवढा टाकून ये, असे वहिनी म्हणाली. ते खोटेही नव्हते. मिस्त्रीच्या दुकानात तिला अर्धा तास थांबायला सांगण्यात आले. मिस्त्र्यांचा अर्धा तास केवढा असतो याचा तिला अनुभव नव्हता. बाकावर बसल्या बसल्या ती त्याची पुटपुट ऐकू लागली आणि काही काळाने त्याच्याबरोबर मनात मोजू लागली. मध्येच एक गिऱ्हाईक आपल्या मिक्सरची कैफियत घेऊन आले. मिस्त्री त्याच्याशी दोन शब्द बोलला, वळला, आणि हँडलवर हात ठेवून नुसताच बघत राहिला. तेव्हा बाकावरून आवाज आला, "दोनशे चौदा."

त्याने दोनशे पंधरापासून पुढे मोजून कॉइल पूर्ण केली. नंतर तीच कॉइल पुन्हा उलगडली आणि एकेक वेढा मोजून पाहिला. तीनशे ऐंशी भरले. विश्वास ठेवायचा तर मोजून ठेवावा, अशा मताचा तो माणूस होता. संध्याकाळी पंखा हातात देताना त्याने एवढेच विचारले, "उद्या येताय का? बाकावर बसून मोजता ते खुर्चीवर बसून मोजा."

घरी परतताना तिच्या लक्षात आले की एकपासून तीनशे ऐंशीपर्यंत नवरा एकदाही आठवला नव्हता. पुढे चौदा वर्षे तिने त्या दुकानात काम केले. मिस्त्रीची नजर अधू झाली तेव्हा तिने स्वतःची खोली घेतली. काटे काढून ठेवण्याचे कारण तिने कोणाला कधी सांगितले नाही. विचारणाऱ्याला, काटा बिघडतो, असे उत्तर मिळे.

खोलीत ज्या बायका आल्या त्या जाहिरात वाचून आल्या नाहीत. एकीला घरातून काढले होते, एक आपणहून निघाली होती, एकीचा नवरा अपघातात गेला होता. ही तिसरी एकदा बोलू लागली की थांबत नसे, म्हणून तिला सगळ्या गप्पी म्हणत आणि वॉर्निशच्या टेबलाशी बसवत, कारण तिथे मोजायचे काही नसते. येणारी प्रत्येक जण प्रथम आपली हकीकत सांगायला तोंड उघडी. बाई तिला फर्मा देई आणि म्हणे, "ते सावकाश सांग. आधी शंभरपर्यंत मोज." बहुतेकींची हकीकत महिनाभराने निघे. तोवर ती पुष्कळ लहान झालेली असे.

नियम दोनच होते. मोजणारीशी बोलायचे नाही, हा पहिला. मोजणी चुकली तर अंदाजाने पुढे जायचे नाही. हँडल थांबवायचे, तार कापायची, कॉइल दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि एकपासून सुरुवात करायची, हा दुसरा. डब्यात आज कोणाच्या किती पडल्या, हे कोणी विचारत नसे. बाईच्या स्वतःच्याही त्यात पडत. उमेदवारीतल्या बायकांसाठी एक सामाईक कात्री खुंटीला टांगलेली होती. जी पक्की होई तिला स्वतःची कात्री मिळे. पक्के झाल्याचा दुसरा कागद नव्हता.

चौथ्या टेबलावर बसणारी सव्वीस वर्षांची होती आणि तिला अजून 'नवी' म्हणत. पाच वर्षांची मुलगी घेऊन ती सासरहून निघाली होती आणि मावशीकडे राहत होती. हिच्या हातून एक काम धड होत नाही, हे सासरचे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकले होते की स्वतःची ओळख करून देताना तिने बाईला तेच सांगितले होते. मावशीचे घर दोन खोल्यांचे आणि मन मध्यम आकाराचे. महिनाअखेरपर्यंत काम पक्के झाले तर दोघी राहा, नाहीतर आपल्या घरी जा, असे तिने सांगून टाकले होते. आणि नवीचे पक्के होणे एका रुग्णालयाच्या कामावर अवलंबून होते. तिथले चौसष्ट पंखे भरून द्यायचे होते. काम पसंत पडले तर वर्षभराची दुरुस्ती या खोलीकडे येणार होती, आणि तेवढ्या कामाला चौथी बाई लागणारच होती.

पंखे प्रत्येकावर नंबर घालून वेळेत गेले, वॉर्डांत चढले. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी बाईच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, एकेचाळीस नंबर..."

बाईने डाव्या हाताचे बोट वर केले. ती एकशे साठाच्या आसपास होती. नवीला उरलेले सव्वादोनशे वेढे तशीच उभी राहून काढावे लागले. मागे वॉर्निशचा ब्रश थांबला होता. गप्पीने श्वाससुद्धा बेताने घेतला. तीनशे ऐंशी झाल्यावर बाईने तार कापली, चष्मा उतरवला आणि मग म्हटले, "बोल."

घडले होते ते असे. दोन आठवड्यांपूर्वी नवीचा दीर दारात येऊन गेला होता. बाई त्या वेळी तार आणायला बाहेर गेली होती. नवी मोजत होती आणि तो बोलत होता: दादा महिनाअखेरीला न्यायला येणार आहे, मुलीचे कपडे बांधून ठेव, हे यंत्र फिरवायचे खेळ पुरे झाले. मोजणी चुकली हे तिला त्याच क्षणी कळले. थांबायचे, कापायचे, डब्यात टाकायचे, एवढेच करायचे होते. पण डबा त्याच्या पायाशी होता. त्याच्या देखत आपले काम आपण टाकून द्यायचे, हे तिच्याने झाले नाही. ती हँडल फिरवत राहिली, तो गेला, आणि तिने मनाने एक आकडा धरून कॉइल पुरी केली. पंख्याचा नंबर मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता.

गप्पीने हिशेबी डोके चालवले. चौसष्टांत एक, त्यातल्या चोविसांत एक, दहा-वीस टर्न इकडेतिकडे. पंखा चाललाय, डॉक्टर का मोजायला चढणार आहेत वर? बाईने तिच्याकडे पाहिले नाही. तिने नवीला पायांत चप्पल घालायला सांगितले.

रुग्णालयाचा भांडारपाल वीस वर्षे त्याच खुर्चीत होता. बिघडलेला माल चांगला आहे म्हणून भांडणारे त्याने शेकड्यांनी पाहिले होते. चालता पंखा बिघडलेला आहे म्हणून सांगायला आलेल्या या पहिल्याच. त्याची अडचण वेगळी होती. लावलेला पंखा उतरवायचा तर वहीत तक्रार हवी, आणि तक्रार तर कोणीच केलेली नव्हती.

"मग कोणाच्या नावाने लिहू?" त्याने विचारले.

"माझ्या."

"तुमच्याच कामाविरुद्ध? बाई, तक्रार लागली की ती फायलीला लागते. महिनाअखेरीला साहेब फाइल बघूनच ठरवणार आहेत."

नवीने मान खाली घातली. बाईने वही आपल्याकडे ओढली आणि तक्रार स्वतःच्या अक्षरात लिहिली.

कोणता पंखा कुठे लागला याची नोंद नव्हती, म्हणून दोघी एकेका खोलीत जाऊन, पंखे थांबवायला लावून, वर बघत हिंडल्या. रुग्णांना वाटले काहीतरी तपासणी आहे. एकाने त्यांना आपला गुडघाही दाखवला. एकेचाळीस नंबर बायकांच्या प्रतीक्षालयात सापडला. त्याच्या खाली बसलेली म्हातारी उठायला तयार नव्हती. सकाळपासून एवढीच एक गोष्ट धड चालली आहे, तीही काढून न्या, असे ती म्हणाली.

वॉर्निश बसलेली कॉइल उलगडता येत नाही. ती मधोमध कापतात आणि तारेची टोके मोजतात. दुसऱ्या दिवशी नवी सामाईक कात्री घेऊन बसली आणि एकेक कॉइल कापून मोजू लागली; बाई शेजारी बसून दुसऱ्यांदा मोजत होती. पहिल्या सहा कॉइली तीनशे ऐंशीच्या निघाल्या. सातवीला दोघींचा आकडा एकच आला: तीनशे एक्क्याण्णव.

"अकरा जास्त," नवी म्हणाली. तिला कमी निघतील असे वाटले होते.

"अंगचोर बाई कमी घालते," बाई म्हणाली. "तू घाबरलीस. घाबरलेल्याला जास्त घालायची सवय असते."

मग ती उठली, खणातून कागदात गुंडाळलेली कात्री काढली आणि नवीच्या टेबलावर ठेवली. रुग्णालयाचे अजून काही ठरलेले नव्हते, हे गप्पीने मोठ्याने म्हणून दाखवले. बाईने तिला तळाशी बसलेले वॉर्निश ढवळायला सांगितले. एकेचाळीस नंबर पुन्हा भरून चार दिवसांनी प्रतीक्षालयात लागला.

महिनाअखेरीला साहेबांनी फाइल पाहिली. तक्रार एकच होती, पण ती होती. वर्षाऐवजी सहा महिन्यांचे काम मिळाले. पुढचे पुढे बघू, असे भांडारपालाने निरोपात सांगितले. मावशीने पक्केपणाचा पुरावा मागितला तेव्हा नवीने तिला कात्री दाखवली. मावशी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिली, आणि शेवटी भाजी चिरायला मात्र घेऊ नको, म्हणाली.

त्याच आठवड्यात नवरा स्वतः आला. दीर बरोबर होता. बाई या वेळी आपल्या जागेवर होती आणि मोजत होती. ती थांबली नाही. नवीही मोजत होती. नवरा दारातूनच बोलू लागला: रिक्षा उभी आहे, मुलगी कुठे आहे, आई वाट बघतेय, लोक काय म्हणताहेत. नवीने डावे बोट वर केले. त्या बोटाचा अर्थ त्याला कळायचे कारण नव्हते. तो बोलतच राहिला.

हँडल थांबले. नवीने कात्री उचलली, तार कापली, कॉइल फर्म्यावरून काढली आणि दाराशी जाऊन त्याच्या पायाजवळच्या डब्यात टाकली. दिराने डब्यात वाकून पाहिले.

"बघितलंस दादा? अजून तेच," तो म्हणाला.

"हो, बिघडली," नवी म्हणाली. "रोज दोन-तीन बिघडतात." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मी येणार नाही. मुलीला भेटायचं असेल तर रविवारी मावशीकडे या, मावशी घरात असताना. आता दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय."

ते दोघे आणखी थोडा वेळ उभे होते. त्यांच्याशी बोलायला खोलीत कोणी मोकळे नव्हते. होती ती गप्पी, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ती संधी सोडली. नवी जागेवर जाऊन बसली, रिळाचे टोक तिने फर्म्याच्या खाचेत अडकवले आणि एकपासून सुरुवात केली. सत्तरच्या सुमारास रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. ती मोजत राहिली.