दीड किलो

"काट्यावर चढलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नसतं," मावशी एकदा म्हणाली होती.

नव्याने आलेल्या नर्सला ती काम समजावत होती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लठ्ठपणाच्या विभागात वजन घ्यायचं काम अकरा वर्षं तिच्याकडे होतं. खोलीत बिनहातांच्या रुंद खुर्च्या, जमिनीलगतचा लोखंडी काटा, धरायला कठडा. आकडे दिसायचे ते फक्त तिच्या बाजूला. आकडा ती तोंडाने कधी उच्चारत नसे. चिठ्ठीवर लिहायची, घडी घालायची, पेशंटच्या हातात द्यायची. लहानपणी तिच्या थोरल्या बहिणीचं वजन तपासणीवाल्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतं. बहीण पुन्हा शाळेची पायरी चढली नाही.

मावशी स्वतः काडी.

"तुमच्या वाटचंही आम्हीच खाल्लं वाटतं," तिथला एक पेशंट, बसचा ड्रायव्हर, म्हणायचा.

"खा, दादा. तुमच्या वाटचं चालणं मी चालतेच आहे."

हा ड्रायव्हर पाच महिने बसवर नव्हता. वजनापायी गाडी चालवताना डोळा लागायचा, म्हणून डेपोने त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. जठर लहान करायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, बुधवारची. अट एकच, आधी सहा किलो उतरवायचे. सोमवारी तो आला. चपला काढल्या, पट्टा काढला, घड्याळ, चष्मा, खिशातला रुमालसुद्धा. साडेचारच उतरले होते.

"दीडच किलो हो, मावशी. तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी. तोवर काय खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगू?"

मावशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग दीड किलो कमी लिहिलं आणि घडी घातली.

मंगळवारी सकाळी ती फाइली द्यायला वर्गात गेली तेव्हा ऑपरेशन करणारे मोठे सर विद्यार्थ्यांना सांगत होते, "सहा किलो हा माझा हट्ट नाही. अशा पेशंटांचं यकृत चरबीने फुगलेलं असतं, जठरावर पांघरुणासारखं पडलेलं. वजन उतरलं की तेही आक्रसतं. नाही उतरलं तर आत काही दिसत नाही. बाजूला सारताना ते फाटलं, तर रक्त आवरत नाही."

मावशीने फाइली टेबलावर ठेवल्या. एक खाली पडली, ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

त्यानंतर चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डबा उघडला, तसाच मिटला. कदाचित काटाच चुकला असेल. तपासणीचं पाच किलोचं वजन काढून तिने काट्यावर ठेवलं. पाच. कोपरा बदलून ठेवलं. पाच. दीड किलोने एवढं काय होतंय, असं ती स्वतःला बजावत जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. सांगितलं तर काटा हातातून जाणार. नाही सांगितलं तर... तिने पुन्हा वजन ठेवलं. पाच.

दुपारी ती वर वॉर्डात गेली. ड्रायव्हर भरती होऊन कॉटवर बसला होता, सर आणि विद्यार्थी भोवती उभे.

"सर, यांचं वजन परत घ्या."

"का?"

"मी कमी लिहिलंय."

"चुकून?"

"नाही."

ड्रायव्हरने डोक्याला हात लावला. "मावशी, एक दिवस गप्प बसवलं नाही तुम्हाला?"

सगळी वरात खाली आली. तो काट्यावर चढला, या वेळी घड्याळ, पट्ट्यासकट.

"काढा, दादा," मावशी हळूच म्हणाली.

"राहू दे. आता कशाला?"

आकडा स्थिर झाला. सर म्हणाले, "सांगा, किती?"

आठ विद्यार्थी पेनं सरसावून उभे होते. मावशीने आकडा लिहिला, पट्टा-घड्याळाचा अंदाज न धरता, दिसला तसा. घडी घातली. सरांचा हात पुढे आला होता. तिने चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात दिली.

त्याने ती उघडली. मग चौकशीच्या खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "एकशे बेचाळीस!"

कुणी हसलं नाही.

"उद्याचं ऑपरेशन रद्द," सर म्हणाले. "आणि मावशी, उद्यापासून काट्यापाशी दुसरं कुणीतरी बसेल."

ड्रायव्हर कठडा धरून खाली उतरला. "चार महिने," तो पुटपुटला. मग तिच्याकडे न बघता, "पण जिवंत तर राहीन म्हणा."

मावशीने कानामागचं पेन काढून कठड्यावर ठेवलं, पाच किलोचं वजन उचलून कपाटात जागच्या जागी ठेवलं, आणि बाहेर पडली.